सटवाईची रात्र आणि सूतिकागार : श्रद्धा, शास्त्र व वैद्याची जबाबदारी

बाळ जन्मल्यानंतरच्या पाचव्या रात्री नाशिक परिसरातील असंख्य घरांतून एक विधी होत असतो. पाटा-वरवंटा स्वच्छ धुऊन मांडला जातो, वरवंट्याला हळदकुंकू वाहून त्यालाच सटवाई मानले जाते आणि शेजारी कोरा कागद, लेखणी व तेवता दिवा ठेवला जातो. कोणाकडे पाचवी, तर कोणाकडे सहावी म्हणजे सटी पुजतात. त्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी त्याचे भविष्य लिहिते, अशी श्रद्धा असल्याने घरातील बायका जागत बसतात व दिवा विझू देत नाहीत. पंचवटीतील जुन्या वाड्यांत हा विधी होई, पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर तो सुईणीच्या हातून होतो, आणि बाळंतीण इस्पितळातून घरी आली की शहरातील नव्या सदनिकांतही तो होतो. बाळंतपणाची जागा बदलली. सटवाईची रात्र बदलली नाही.

अशा रूढींकडे आपण वैद्यमंडळी बहुधा दोन प्रकारे पाहतो. काहीजण त्यांची 'अडाणीपणा' म्हणून बोळवण करतात. काहीजण 'पूर्वजांनी केले ते शास्त्रच' असे म्हणून हात जोडतात. आमच्या मते दोन्ही भूमिका सोयीच्या आहेत आणि दोहोंतही बाळाचे हित तपासले जात नाही. आपल्या संहिता उघडून पाहिल्या, तर या रूढींपैकी काहींचे मूळ तेथे स्पष्ट सापडते, काहींना तेथे आधारच नाही, आणि काहींच्या बाबतीत आजच्या ज्ञानाने संहितेतील वचनालाही मर्यादा घालावी लागते. हा विवेक कोणी करावयाचा? ज्या आजीचा शब्द घरात चालतो ती आजी बालरोगतज्ज्ञाचे ऐकेलच असे नाही. परंतु वैद्याने ग्रंथाचा दाखला दिला तर ती थांबून ऐकते. म्हणून ही जबाबदारी प्रथम आपली आहे.

भीतीचा दिवस कसा ठरला?

सटवाई हे नाव षष्ठी, सटी, सटवी अशा क्रमाने आले असे सामान्यतः मानले जाते. नेपाळमध्ये मिळालेल्या हस्तलिखितावरून १९३८ साली प्रसिद्ध झालेल्या काश्यपसंहितेत रेवती ही स्कंदाशी संबद्ध देवता षष्ठी या नावाने येते व सूतिकाषष्ठीस तिचे पूजन सांगितलेले आहे. चरकाचार्यांनी शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात रक्षाविधी वर्णिताना प्रसूतीनंतर दहा किंवा बारा दिवस जाणत्या स्त्रियांनी व सुहृदांनी जागते राहावे, सूतिकागारात अग्नी सतत तेवत असावा, दारात मुसळ आडवे ठेवावे आणि वेखंड, कोष्ठ, हिंग, मोहरी, जवस, लसूण यांची पुरचुंडी दाराच्या वरच्या चौकटीस बांधावी, असे सांगितले आहे. आपल्याकडील बाळंतिणीच्या खोलीत उशाशी विळा, दाराशी कडुनिंबाचा डहाळा आणि बाळाच्या मनगटाला वेखंडाचा मणी दिसतो, तो याच परंपरेचा ओघ होय.

परंतु मुळात पाचवी-सहावी रात्रच का? आमचे अनुमान असे आहे की, या दिवसांची भीती कल्पनेतून आलेली नाही. ती अनुभवातून आलेली आहे. नाळेच्या जखमेतून शिरणारा नवजात धनुर्वात साधारणतः जन्मानंतर ३ ते १४ दिवसांत दिसतो. पहिले दोन दिवस नीट पिणारे बाळ एकाएकी पिणे सोडते, जबडा आवळते व ताठ होते. जंतुसंसर्गाने बाळ थंड वा मलूल पडण्याचे दिवसही हेच. आजही नवजात मृत्यूंपैकी सुमारे तीन-चतुर्थांश मृत्यू पहिल्या सात दिवसांतच होतात. ज्या पिढ्यांना जंतू ठाऊक नव्हते त्यांना दिवस मात्र अचूक ठाऊक होते. त्यांनी त्या दिवसाला एक देवता दिली व तिच्यासमोर रात्रभर दिवा लावून बाळावर नजर ठेवली.

हे ध्यानात घेतले म्हणजे आपले काम सोपे होते. जागरण बंद करावयाचे नाही. जागणाऱ्या बाईला काय पाहावयाचे ते सांगावयाचे. बाळ अंगावर ओढेनासे झाले, अंग गार वा तापलेले लागले, श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत खेचला जाऊ लागला, बाळ मलूल पडले, झटका आला, बेंबीभोवती लाली अथवा पू दिसला, किंवा पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत उतरला, तर पूजा अर्धी ठेवूनही बाळास इस्पितळात न्यावे. ही सात लक्षणे आजीच्या हाती दिव्याबरोबर दिली की सटवाईची रात्र ही उत्तम तपासणीची रात्र होते. शासनाच्या गृहभेटीच्या कार्यक्रमात आशा कार्यकर्ती तिसऱ्या व सातव्या दिवशी घरी येते. पाचवी रात्र नेमकी या दोहोंच्या मध्ये पडते.

संहितेतील खोली आणि आपली खोली

आपल्याकडे बाळंतिणीची खोली म्हणजे बहुधा घरातील सर्वांत अंधारी खोली. खिडक्या बंद, कानाला फडके, खाटेखाली शेगडी, आणि सकाळ-संध्याकाळ शेपा, ओवा, वावडिंग, लसणाची साल यांची धुरी. वारा लागू नये, दृष्ट लागू नये व सोयर बाहेर जाऊ नये, अशी तिन्ही कारणे एकत्र सांगितली जातात.

चरकाचार्यांचे कुमारागार असे नाही. त्यात अंधार नसावा, झोताचा वारा नसावा, परंतु एका बाजूने हवा खेळती असावी, असे त्यांनी स्पष्ट म्हटले आहे. बाळाचे अंथरूण-पांघरूण मऊ, हलके, स्वच्छ असावे. घाम, मळ, मलमूत्र वा किडे यांनी दूषित झालेले टाकून द्यावे. टाकणे शक्य नसल्यास धुऊन, धूप देऊन, नीट वाळवून मगच वापरावे, असाही निर्देश आहे. येथे एक बारीक परंतु महत्त्वाची गोष्ट आहे. यव, मोहरी, गुग्गुळ, वेखंड इत्यादींचे जे धूपन चरकाने या ठिकाणी सांगितले आहे ते वस्त्रांचे व अंथरुणाचे आहे. बाळाला धुरावर धरावे असे तेथे म्हटलेले नाही. बंद खोलीतील धूर नवजाताच्या फुप्फुसांना अपायकारक आहे. तेव्हा आजीला 'धुरी बंद करा' असे न सांगता 'दुपटी धुपवा, वाळवा आणि मग बाळाला गुंडाळा' असे सांगावे. त्यात तिची श्रद्धाही राहते व संहितेचा आदेशही पाळला जातो.

प्रसवकाळी जवळ असणाऱ्या स्त्रियांविषयी सुश्रुताचार्य म्हणतात की, त्या चार असाव्यात, वयाने प्रौढ असाव्यात, प्रसूतिकर्मात कुशल असाव्यात आणि त्यांची नखे कापलेली असावीत. नखांचा हा उल्लेख वाचून आम्हांस नेहमीच आदर वाटत आला आहे. पुढे मात्र आपल्या समाजात उलटे झाले. प्रसूती व नाळ कापणे ही 'विटाळा'ची कामे ठरली, ती करणाऱ्या सुईणीला जातीच्या उतरंडीत खाली ठेवले गेले, आणि जिच्या हाती दोन जीव सोपवायचे तिला ना शिक्षण मिळाले, ना साबण, ना सन्मान. कुशलतेची अट गळाली व अशुद्धीची समजूत उरली. रूढीचा सर्वांत मोठा अपाय कोणता असे कोणी विचारले, तर आम्ही हाच सांगू.

दहा दिवसांचे सोयर, सव्वा महिन्याची विश्रांती

जननाशौच अर्थात सोयर पाळल्याने बाळंतिणीला दहा दिवस कामापासून सुटी मिळते, पाहुण्यांची वर्दळ थांबते व संसर्गाची शक्यता कमी होते, हा लाभ खराच आहे. परंतु ज्या दहा दिवसांत बाळ सर्वाधिक धोक्यात असते, नेमक्या त्याच दहा दिवसांत 'सोयर आहे, बाहेर नेऊ नये' म्हणून उपचार लांबणे ही त्याची दुसरी बाजू आहे.

या संदर्भात डॉ. आनंदीबाई जोशी यांचे स्मरण होते. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला व दहा दिवसांतच तो गेला. त्यानंतर त्या अमेरिकेत शिकावयास गेल्या आणि १८८६ साली पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातून एम.डी. झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. ज्या मुलीचे बाळ सोयर फिटण्याच्या सुमारास हातचे गेले तिने परदेशात बसून आपल्याच प्राचीन प्रसूतिविद्येचा अभ्यास मांडावा, यातून आपण बोध घ्यावा असा आहे. परंपरा तपासणे हा परंपरेचा अनादर नव्हे.

सव्वा महिन्याची गोष्टही पाहण्याजोगी आहे. आपल्या घरांतून बाळंतीण सव्वा महिना जपली जाते. मालेगावच्या मुस्लिम कुटुंबांत चाळीस दिवसांचा चिल्ला पाळतात. ख्रिस्ती परंपरेतही जन्मानंतरच्या चाळिसाव्या दिवसाला महत्त्व आहे. सुश्रुताने सूतिकाकाल दीड महिन्याचा सांगितला आहे. आधुनिक प्रसूतिशास्त्र सहा आठवडे धरते, आणि आशा कार्यकर्तीची शेवटची नियमित भेट बेचाळिसाव्या दिवशी असते. इतके निरनिराळे मार्ग जेथे एकत्र येतात तेथे आपण ठामपणे उभे राहावे. सून बाराव्या दिवशी शेतावर वा कंपनीत कामाला जाऊ लागली, तर सासूला सव्वा महिन्याची आठवण करून देणे हेही वैद्याचेच काम. मात्र या काळात पथ्याच्या नावाखाली पाणी तोडणे, भाजी-फळे बंद करून नुसत्या भातावर ठेवणे यांस आपण पाठिंबा देऊ नये. डिंक, अळीव, खारीक, खोबरे, तूप ही आपली परंपरा पोषणाची आहे, उपासमारीची नव्हे.

पहिला घोट कोणाचा?

नवजाताच्या मुखात पहिल्याने काय जावे, हा या विषयातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. सोन्याच्या अंगठीने मध चाटवणे, गुळाचे पाणी, गाईचे दूध, तीर्थ असे प्रकार घरोघरी आढळतात. मुस्लिम कुटुंबांत उजव्या कानात अजान, डाव्या कानात इकामत व त्यानंतर खजूर चावून त्याचा अंश टाळूला लावण्याचा तहनीक हा विधी असतो. भावना सर्वत्र एकच : पहिला स्पर्श पवित्र व गोड असावा.

जातकर्मातील मध-तूप संहितोक्त आहे, हे खरे. परंतु संहिता येथे एकमुखी नाहीत, याकडे आपण पुरेसे लक्ष देत नाही. सुश्रुताने पहिले तीन दिवस मध व औषधिसिद्ध तूप देण्यास सांगितले आहे, आणि त्याचे कारणही दिले आहे : तीन-चार रात्रींनंतर स्तन्य प्रवृत्त होते. चरक मात्र मंत्रपूर्वक मध-तूप चाटवल्यानंतर लगेच उजवा स्तन देण्यास सांगतो. म्हणजे पहिल्या दिवशीच स्तनपान करविण्यास आपल्या शास्त्रात चरकाचा स्पष्ट आधार आहे, आणि सुश्रुताचे तीन दिवस हे स्तन्य येईपर्यंतची तजवीज आहेत. आज आपणांस माहीत आहे की, पहिले दोन-तीन दिवस जो घट्ट, पिवळसर चीक येतो तेच स्तन्याचे आद्य रूप. त्यात रोगप्रतिकारक द्रव्ये विपुल असतात, आणि बाळाने लवकर ओढल्यानेच पुढील दूध लवकर उतरते. गाईच्या चिकाचा खरवस आवडीने खाणारे घर आईचा चीक मात्र 'जड', 'अशुद्ध' म्हणून पिळून टाकते, ही विसंगती आजीला हसत हसत दाखवून द्यावी. ती तिला तत्काळ पटते.

मधाविषयी आज स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. समप्रमाण मध व तूप विरुद्ध होते हे आपण सारे जाणतो. परंतु प्रश्न केवळ प्रमाणाचा नाही. मधात बोट्युलिनम जंतूंची बीजे असू शकतात, तान्ह्या बाळाच्या आतड्यात ती रुजतात व त्यांच्या विषाने स्नायू लुळे पडतात. तान्ह्या बाळांतील या विकाराची ओळख १९७६ साली अमेरिकेत पटली, आणि एक वर्षाखालील बाळास मध देऊ नये हा आज जगभरचा नियम आहे. संहिताकारांना हे ज्ञान उपलब्ध नव्हते; आपणांस आहे. प्रत्यक्ष, अनुमान व युक्ती ही प्रमाणे मानणाऱ्या शास्त्राने प्रत्यक्षाकडे पाठ फिरवू नये. मंत्र म्हणावेत, सोने बाळाच्या कपाळाला लावावे, कानात नाव अथवा अजान सांगावी. परंतु मुखात आईच्या दुधाखेरीज काही जाऊ नये.

याची निकड आकड्यांवरून कळते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील संस्थात्मक प्रसूतींचे प्रमाण २०१५-१६ मधील सुमारे ७९ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये ८८.६ टक्क्यांवर गेले. महाराष्ट्रात तर ते २००५-०६ मध्ये ६४.६ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ९४.७ टक्के झाले. परंतु जन्मानंतर एका तासाच्या आत स्तनपान मिळालेल्या बालकांचे देशातील प्रमाण दोन्ही अलीकडील सर्वेक्षणांत ४२ टक्क्यांच्या आसपासच राहिले. प्रसूती इस्पितळात गेली, पण पहिल्या घोटाची समजूत जशीच्या तशी तिच्याबरोबर गेली. इमारत बदलल्याने श्रद्धा बदलत नाही; ती संवादानेच वळते.

नाळ, शेण आणि धनुर्वात

नाळ नाभीपासून आठ अंगुळांवर खूण करून बांधावी व तीक्ष्ण शस्त्राने कापावी, असे चरक-सुश्रुत सांगतात. वाग्भटाने चार अंगुळे म्हटले आहे. नाभी पिकल्यास लोध्र, ज्येष्ठमध, प्रियंगू, देवदार व हळद यांच्या कल्काने सिद्ध तेल लावावे असे चरकाने म्हटले आहे. लक्षात घ्यावे की, ही चिकित्सा नाभिपाकाची आहे, प्रत्येक बाळाच्या नाळेवर रोज काही थापण्याची नाही. शेण, राख, कुंकू लावण्यास यात आधार सापडत नाही. शेण पवित्र मानले जाते, परंतु धनुर्वाताची बीजे जनावरांच्या विष्ठेत व मातीत असतात, आणि ओली नाळ हे त्यांचे उघडे दार आहे. स्वच्छ हात, स्वच्छ जागा, नवे पाते, स्वच्छ दोरा व कोरडी नाळ या पाच गोष्टी आणि गर्भिणीचे लसीकरण यांच्या बळावर नवजात धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे भारताने २०१५ मध्ये सिद्ध केले. निर्मूलन म्हणजे रोग अत्यल्प उरला. बीजे मातीत आहेतच, म्हणून दक्षता सोडता येत नाही.

बाळावरील वंगण व रक्त 'विटाळ' म्हणून जन्मतःच आंघोळ घालण्याची घाईही अशीच. जागतिक आरोग्य संघटना पहिली आंघोळ किमान २४ तास पुढे ढकलण्यास सांगते, कारण नवजात लवकर गार पडते. पुसून, कोरडे करून आईच्या उराशी द्यावे. अभ्यंग पुढे अवश्य करावा, पण नाकाकानांत तेल ओतणे व बाळाची छाती पिळणे सोडावे. काजळाबाबतही सावध राहावे. बाजारी सुरम्यांत शिसे असू शकते. पोटफुगीवर चटके देणे हा तर निव्वळ अत्याचार होय. फेब्रुवारी २०२५ मध्ये मेळघाटात एका तान्ह्या बाळाच्या पोटावर असे चटके दिल्याचे उघडकीस आले. अशा अघोरी प्रथांविरुद्ध राज्यात २०१३ चा कायदा आहे. तथापि कायदा पोहोचण्यापूर्वी भगताच्या शेजारी बसून बोलणारा वैद्य पोहोचला पाहिजे.

गुटी, सुवर्णप्राशन आणि आपली दुकाने

आता थोडे आपल्या व्यवसायाविषयी. बाळगुटी ही महाराष्ट्राच्या घराघरांतील परंपरा आहे. हिरडा, मुरडशेंग, वेखंड, जायफळ, अतिविष, काकडशिंगी, डिकेमाली, सुंठ, हळकुंड, खारीक, बदाम यांचे सहाणेवरील मोजके वेढे आजी आत्मविश्वासाने देते. परंतु काश्यपाच्या लेहाध्यायात कोणास लेह द्यावा व कोणास देऊ नये, अशा दोन्ही याद्या आहेत. म्हणजे लेह हा वैद्याने ठरवावयाचा उपचार आहे, सरसकट वाटावयाचा प्रसाद नव्हे. पहिले सहा महिने निव्वळ स्तनपान हा आजचा सर्वमान्य नियम आहे. सुश्रुतही सहाव्या महिन्यातच हलक्या अन्नाचा आरंभ सांगतो. निरोगी, वजन नीट वाढणाऱ्या बाळास त्यापूर्वी गुटीची गरज नाही, हे आपण स्पष्ट सांगावे. उकळलेले नसलेले पाणी, न धुतलेली सहाण व वाटेल तितका वेखंड-जायफळ यांनी बाळाला होणारा त्रास गुटीच्या नावावर आणि अंतिमतः आयुर्वेदाच्या नावावर जमा होतो.

औषधी दुकानदार बंधूंना आमची कळकळीची विनंती आहे की, 'बाळंतविडा' व 'गुटीचे सामान' यांच्या पुड्या बांधताना घटकांची नावे, प्रमाण व तारीख छापावी. अतिविष महाग असल्याने त्यात भेसळ होते. वचनाग हे अतिविषाच्याच कुळातील विषारी द्रव्य आहे, त्यामुळे ओळख पटल्याखेरीज मुळी पुडीत जाऊ नये. बुरशी लागलेले बदाम-खारीक बाळाच्या नावाने विकू नयेत. गिऱ्हाईक मध मागू लागले तर 'वर्षाखालील बाळास नको' एवढे एक वाक्य गल्ल्यावरून बोलावे. त्याने एका बाटलीची विक्री जाईल, दुकानाची पत वाढेल.

पुष्य नक्षत्रावरील सुवर्णप्राशन शिबिरे आता गावोगावी होतात. लेहाध्यायातील सुवर्णप्राशनाच्या विधीत पूर्वाभिमुख बसून स्वच्छ दगडावर सोने उगाळण्याचे वर्णन आहे. पुष्य नक्षत्राची अट आम्हांस तेथे आढळत नाही. श्रद्धेने मुहूर्त धरण्यास हरकत नसावी, परंतु तान्ह्या बाळांच्या रांगा लावून एकाच चमच्याने मधयुक्त थेंब देणे हे ना शास्त्र, ना स्वच्छता. वर्षाखालील बाळास मधयुक्त कल्प देऊ नये व पालकांना लसीकरणाच्या पत्रिकेविषयी विचारल्याखेरीज सोडू नये, एवढा दंडक तरी प्रत्येक शिबिराने पाळावा.

ग्रहण, मुहूर्त आणि पुत्रकामना

ग्रहणात गर्भिणीने काही चिरले तर बाळाचा ओठ फाटतो, या समजुतीने अनेक गर्भिणी ग्रहणकाळात अन्नपाण्यावाचून निश्चल पडून राहतात. ओठ जुळण्याची क्रिया गर्भाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात पूर्ण होते. सातव्या महिन्यातील ग्रहण दुसऱ्या महिन्यात जुळलेला ओठ कसा फाडील? इतका साधा प्रश्न गर्भिणीला धीर देतो. २ ऑगस्ट २०२७ रोजी आपल्याकडे खंडग्रास सूर्यग्रहण दिसणार आहे. त्यापूर्वी आपल्या गर्भिणी रुग्णांना सांगून ठेवावे : विश्रांती घ्या, नामस्मरण करा, परंतु पाणी व आहार सोडू नका.

मुहूर्तावर शस्त्रक्रियेने जन्म घडविण्याचा आग्रह ही नवी रूढी आहे. वैद्यकीय कारणावाचून ३९ आठवड्यांपूर्वी काढलेल्या बाळास श्वसनाचे विकार अधिक होतात. मूळ नक्षत्रावर जन्मल्याची शांती नंतर त्र्यंबकेश्वरी करता येते; अपक्व फुप्फुसांची शांती नाही. पुंसवनाबाबत तर संदिग्धतेस वावच नको. १९९४ च्या व २००३ मध्ये सुधारलेल्या लिंगनिवड प्रतिबंधक कायद्यानुसार, शास्त्रीय असो वा अन्य, कोणत्याही मार्गाने लिंगनिवड करून देण्याची जाहिरात हा गुन्हा आहे. 'पुत्रप्राप्तीचे औषध' अशी पाटी वा पत्रक आपल्या दवाखान्यात किंवा दुकानात असणे हा ग्रंथाचा मान नसून मुलींचा व शास्त्राचा अपमान आहे.

श्रद्धेच्या हातात हात घालून

श्रद्धेशी भांडून नव्हे, तर तिच्या सोबतीने काम केल्यास काय होते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजाताची काळजी शिकवली. त्या सोयराच्या खोलीत जाऊ शकत होत्या, कारण त्या परक्या नव्हत्या. ३९ गावांतील या कामाने तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले व त्यातूनच पुढे देशभर आशांच्या गृहभेटींचा कार्यक्रम उभा राहिला. आदिवासी भागांत आरोग्य केंद्राजवळ गर्भिणीने आधीच येऊन राहावे यासाठी ज्या खोल्या उभारल्या त्यांना 'माहेरघर' हे नाव दिले गेले, यातही हेच मर्म आहे. पोलिओच्या मोहिमेत उत्तर भारतातील मौलवींनी मशिदींतून आवाहने केली आणि २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त प्रमाणित झाला. उलट २०२२ मध्ये मुंबई-मालेगावात गोवर पसरला, तेव्हा राहून गेलेल्या लसींची किंमत बालकांनी मोजली. कुराणात पूर्ण मुदत पाळू इच्छिणाऱ्यांसाठी दोन वर्षांच्या स्तनपानाचा निर्देश आहे. मालेगावातील वैद्याने तो आदराने पुढे केल्यास त्याहून प्रभावी शब्द कोणता?

श्रावणातल्या शुक्रवारी आपल्या देव्हाऱ्याजवळ जिवतीचा कागद लागतो. त्यातील जरा ही महाभारतातील राक्षसी. टाकून दिलेली दोन शकले तिने जोडली व त्यातून जरासंध जगला. ज्या शक्तीचे भय, तिलाच बाळाची राखणदार करणारी ही लोकबुद्धी आहे. ती अडाणी नाही. तिला फक्त अद्ययावत माहिती हवी आहे. ही माहिती तिच्याच भाषेत, तिच्याच देवतेसमोर बसून देऊ शकणारा माणूस म्हणजे गावातला वैद्य आणि कोपऱ्यावरचा काष्ठौषधी विकणारा दुकानदार.

म्हणून या त्रैमासिकाच्या वाचकांना आमची सूचना अशी : प्रत्येकाने आपल्या दवाखान्यात वा दुकानात चार ओळींचे एक पत्रक लावावे. पहिल्या तासात आईचे दूध, वर्षभर मध नाही, नाळ कोरडी, पाचव्या रात्री सात लक्षणे पाहा. सटवाई कपाळी काय लिहिते ते कोणास वाचता येत नाही. या चार ओळी मात्र सर्वांस वाचता येतील.